कपाटातल्या जुन्या दगडातलं सल्फोसॉल्ट : भिंग, कॅरेट मशीन, धारवाड-कोल्हापूर की मुंबई?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या जुन्या कॉलेजच्या कपाटातून साखरेसारखा पांढरा, रवाळ डोलोमाइट निघाला, त्यात धातूसारखे चमकणारे करडे स्फटिक रुतलेले दिसले आणि चिठ्ठीवर ‘बिन्नेंटाल’ असं पुसट वाचता आलं, तर तो दगड जपून खाली ठेवा. आपल्याकडे गोकाकचा क्वार्टझाइट, पश्चिमेला बेसॉल्ट आणि जांभा. यातून असलं काही निघत नाही. तो स्वित्झर्लंडच्या बिन खोऱ्यातला, बहुधा लेंगेनबाखच्या खाणीतला. शिसं, आर्सेनिक आणि गंधक यांच्या सल्फोसॉल्ट खनिजांसाठी ती खाण जगभर नावाजलेली आहे. त्यातलं आपलं नेमकं कोणतं, हे काढायला चार-पाच वाटा आहेत.

पहिली वाट घरातलीच, आणि ती उगाच टाळली जाते. आधी चिठ्ठी. ‘बिनाइट’ लिहिलं असेल तर त्याला आज टेनंटाइट म्हणतात, ‘स्क्लेरोक्लेज’ असेल तर सार्टोराइट. मग दहापट भिंग. षट्कोनी भासणारा चपटा स्फटिक आणि त्यावर बारीक समांतर रेघा दिसल्या, तर जॉर्डनाइट असण्याची शक्यता धरा. नंतर कस, म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग. त्यासाठी स्फटिक मोडू नका. डब्याच्या तळाशी, कापसात अडकलेले कण बहुतेक वेळा असतातच. एक कण चिमट्यानं उचलून टाइलच्या मागच्या, झिलई नसलेल्या बाजूवर घासा. जॉर्डनाइटचा कस काळा येतो. सार्टोराइट, बाउमहाउराइट, ड्युफ्रेनॉयसाइट यांचा चॉकलेटी, कधी लालसर झाक असलेला. रेघ पातळ ओढा. जाड रेघ सगळ्यांचीच काळपट दिसते. कठिनता मात्र पाहत बसू नका, सगळी ३ च्या आसपासच.

सराफाकडचं कॅरेट मशीन, म्हणजे क्ष-किरणांनी सोन्याची शुद्धता मोजणारं यंत्र, हाताशी असतं, म्हणून मोह होतो. या दगडासाठी त्याच्या भरवशावर राहू नये. क्ष-किरणांत आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, क्ष-किरणांच्या ऊर्जेचं माप) आणि शिशाची १०.५५ ला पडते. सोन्यासाठी बसवलेलं यंत्र या दोघांत गल्लत करणारच.

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सामाईक उपकरण केंद्रं आहेत. तिथं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि त्याला जोडलेलं ईडीएस (कणातून निघणाऱ्या क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणारं उपकरण) मिळतं का, दर काय, हे आधी फोनवर विचारून घ्या. माझं मत विचाराल तर बहुतेकांनी पैसे इथंच खर्चावेत. एक कण पुरतो, आणि शिसं-आर्सेनिकच्या अणूंचं प्रमाण कळतं. सार्टोराइटमध्ये ते १ ला २, बाउमहाउराइटमध्ये ३ ला ४, लिव्हेइंगाइटमध्ये ५ ला ६, ड्युफ्रेनॉयसाइटमध्ये १ ला १ आणि जॉर्डनाइटमध्ये साधारण ७ ला ३. दोन टोकं सहज वेगळी होतात; मधली जवळजवळची मात्र ईडीएसच्या चुकीच्या मर्यादेत हरवतात. तिथल्या तंत्रज्ञाला तीन गोष्टी आवर्जून सांगा. गंधक आणि शिसं २.३ केईव्हीजवळ एकमेकांवर चढतात. आर्सेनिकची १.२८ ची रेषा मॅग्नेशियमच्या १.२५ ला चिकटते, आणि कणाला डोलोमाइट लागलेला असेल तर मॅग्नेशियम येणारच. म्हणून व्होल्टेज २० ते २५ किलोव्होल्ट ठेवून आर्सेनिकची ११.७ आणि शिशाची १२.६ ची रेषा पाहायला लावा. एवढं न सांगता नमुना दिलात तर टक्केवारीचा सुबक तक्ता हाती पडेल, पण त्यावर विसंबता येणार नाही.

एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून स्फटिकाची रचना ओळखणाऱ्या चाचणीला, पूड लागते. अँटिमनीच्या केसाळ खनिजांत, म्हणजे स्टिबनाइट, जेमसोनाइट की बुलांजेराइट असा पेच असेल, तर ती चांगली. (तिथंही आधी एक सुई वाकवून पाहा : बुलांजेराइटची लवते, जेमसोनाइटची तटकन मोडते.) सार्टोराइटच्या कुळात मात्र रचना एकमेकींच्या इतक्या जवळच्या असतात की पुडीचे आलेख सारखेच वाटतात. त्यापायी दुर्मीळ स्फटिक कुटणं मला पटत नाही.

मुंबईच्या आयआयटीतला इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब (इलेक्ट्रॉनच्या झोतानं कणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) प्रमाण नेमकं देतो, पण कण रेझिनमध्ये बसवून घासून चकचकीत करावा लागतो. शोधनिबंध लिहायचा असेल किंवा थॅलियमचं एखादं खनिज असावं अशी शंका असेल, तरच तिकडे जा. त्याच्या जोडीला एकस्फटिक विवर्तन, म्हणजे पूड न करता एकाच स्फटिकावर केलेलं एक्सआरडी, झालं तर मधली नावंही सुटतात.

जुन्या पुस्तकांतली फुंकनळीची, म्हणजे नळीनं ज्योत फुंकून खनिज तापवण्याची, परीक्षा करू नका. तापवल्यावर येणारा लसणासारखा वास म्हणजे आर्सेनिकचा धूर. दगड हाताळल्यावर हात साबणानं धुवा, कसाची टाइल स्वयंपाकघरात परत नेऊ नका.

नवी चिठ्ठी लिहिताना जुनी फाडू नका, तिच्याखाली ठेवा. आणि नावापुढे पद्धत व साल घाला : ‘जॉर्डनाइट, कस व ईडीएस, अमुक साल’. मधलं काही निघालं तर ‘सार्टोराइट गट, ईडीएस, अमुक साल, नेमकं नाव बाकी’ एवढंच लिहा, म्हणजे पुढच्या माणसाला कुठून सुरुवात करायची ते कळेल.