पिन असाइनमेंट कुठे ठेवायचं: स्प्रेडशीट, कन्स्ट्रेंट फाइल की पिन प्लॅनर?

पिन असाइनमेंट म्हणजे एफपीजीएचा (आतलं सर्किट आपण ठरवतो अशी चिप) कुठला सिग्नल कुठल्या पिनेवर, याची नोंद. तयार डेव्हलपमेंट बोर्डावर एकट्याचं काम असेल, तर स्प्रेडशीटच्या वाटेला जाऊ नका. कन्स्ट्रेंट फाइल, म्हणजे ही नोंद डिझाइनच्या सॉफ्टवेअरला सांगणारी फाइल (व्हिवाडोची एक्सडीसी किंवा क्वार्टसची क्यूएसएफ), सरळ हातानं लिहा. बोर्डाबरोबर बहुधा मास्टर फाइल मिळते. हव्या त्या ओळींची कमेंट काढली की झालं.

स्वतःचा बोर्ड करताना मात्र गणित बदलतं. तिथे पिना ठरवणारे दोघं असतात: एफपीजीएचं डिझाइन करणारा आणि पीसीबी (सर्किट बोर्ड) आखणारा. ट्रेस एकमेकांना छेदू नयेत म्हणून पीसीबीवाला पिनांची अदलाबदल करतो, आणि त्याला एक्सडीसी वाचायची सवय नसते. शीटमध्ये नेटचं (जोडणीचं) नाव, पिन, बँक (एकाच व्होल्टेजवर चालणारा पिनांचा गट), व्होल्टेज, दिशा सगळं एका ओळीत दिसतं. बँकेवर फिल्टर लावला की ३.३ व्होल्टच्या बँकेत शिरलेला १.८ व्होल्टचा आउटपुट लगेच नजरेत भरतो. एका बँकेला व्हीसीसीओ (आउटपुटचा पुरवठा व्होल्टेज) एकच, त्यामुळे बोर्ड बनून आल्यावर ही चूक निस्तरणं फार जड जातं. एवढ्या एका कारणासाठीही मी शीटच्या बाजूनं आहे.

शीटचे धोके मात्र नीट समजून घ्या. 'एलव्हीसीएमओएस१८' (१.८ व्होल्टच्या सिग्नलचं स्टँडर्ड) लिहिलेला सेल खाली ओढला की पुढे १९, २०, २१ होत जातं. असं स्टँडर्डच नसल्यानं टूल अडवतं, तिथे आपण वाचतो. पण पिनचा 'एए१०' असाच ओढला गेला, तर 'एए११', 'एए१२' या खऱ्या पिनाही असू शकतात. मग कुणीच ओरडत नाही. एकच कॉलम सॉर्ट झाला तर सगळी जुळणीच मोडते.

सॉफ्टवेअरमधल्या पिन प्लॅनरमध्ये चिपच्या पॅकेजचं चित्र दिसतं, डिफरन्शियल जोड्या (एकच सिग्नल दोन पिनांवर उलटसुलट नेणाऱ्या) आणि क्लॉकच्या पिना कळतात. सुरुवातीच्या मांडणीला तो उत्तम. पण पिन का बदलली, हे तिथे लिहून ठेवणं सोयीचं नाही.

शीट निवडलीत तर ती सीएसव्ही (साध्या मजकुराच्या) रूपातच गिटमध्ये, म्हणजे आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये ठेवा. एक्सेलची फाइल म्हणजे झिप, तिचा डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक) वाचता येत नाही. व्हिवाडो आणि क्वार्टस दोघंही सीएसव्ही इम्पोर्ट करतात, तरी मी छोट्या पायथन स्क्रिप्टनं एक्सडीसी बनवणं पसंत करतो. एकच पिन दोनदा आली किंवा पीसीबीच्या नेटलिस्टशी (जोडण्यांच्या यादीशी) नाव जुळलं नाही, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.