पिस्तूल की रिव्हॉल्वर? गनमनच्या नोकरीसाठी ०.३२ बोअरचं हत्यार घेताना

पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या गड्याला कोल्हापुरात गनमनचं काम शोधायला फार फिरावं लागत नाही. गुजरीतला सराफ, शिरोली एमआयडीसीतला कारखानदार, एटीएममध्ये रोकड भरणारी गाडी, एखाद्या साखर कारखान्याचा चेअरमन, कुणाला ना कुणाला माणूस हवाच असतो. अट मात्र बऱ्याच ठिकाणी ठरलेली: लायसन आणि हत्यार तुमचं स्वतःचं. लायसन मिळालं की खरा घोळ सुरू होतो. दुकानदार एक सांगतो, मेहुणा दुसरं, आणि यूट्यूब अमेरिकेतलं काहीतरी तिसरंच.

आधी नोकरीत हाताळलेलं नऊ एमएम डोक्यातून काढून टाका. सैन्यातलं १ए पिस्तूल इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, मूळ घडण ब्राउनिंग हाय-पॉवरची, मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या डबीत, १३ राउंड. महाराष्ट्र पोलिसांच्या फोर्स वन कमांडो पथकातल्या जवानाकडे दिसतं ते ग्लॉक १७, त्यात १७ राउंड. दोन्ही चांगलीच, पण नऊ एमएम हा प्रतिबंधित बोअर, म्हणजे नळीचं माप, आहे आणि सामान्य लायसनवर तो मिळत नाही. आपल्या वाट्याला येतं ते ०.३२ इंचाचं. फरक किती, तर नऊ एमएमची गोळी साधारण ८ ग्रॅमची, सेकंदाला ३५० मीटरच्या आसपास जाणारी. ०.३२ पिस्तुलाची गोळी पावणेपाच ग्रॅमच्या आतबाहेर आणि वेगही कमी, त्यामुळे तिचा जोर निम्म्याहूनही कमी भरतो. रिव्हॉल्वरची गोळी जड असते, सव्वासहा ग्रॅमच्या पुढे, पण ती आणखी संथ जाते आणि हिशेब जवळपास तिथेच येतो. म्हणून ‘पिस्तुलात ताकद जास्त’ हे ऐकून निर्णय घेऊ नका. आणि दोन्हीवर ०.३२ लिहिलेलं असलं तरी काडतुसं वेगळी. रिव्हॉल्वरच्या काडतुसाला बाहेर आलेली रुंद कड असते आणि ते लांबही असतं. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

आता पिस्तुलांकडे वळू. बाजारात दोन वाटा आहेत. एक सरकारी कारखान्याची अशनी, नवी कोरी, गॅरंटीच्या कागदासकट. दुसरी जुनी परदेशी: वॉल्थर पीपी, पीपीके, ब्राउनिंग १९१० वगैरे. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर सामान्य लायसनधारकाला परदेशी हत्यार आणणं जवळपास बंदच झालं. त्यामुळे हा माल एका लायसनवरून दुसऱ्या लायसनवर फिरत राहतो, आणि किंमत हत्याराची कमी, नावाची जास्त लागते.

वॉल्थर पीपी हे १९२९ सालचं डिझाइन, आणि कमरेला लावण्यासाठी आजही त्याच्याइतकं समजून केलेलं ०.३२ पिस्तूल मला दुसरं सापडत नाही. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला) राउंड, घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हॅमर) खाली, अशा स्थितीत ते होल्स्टरमध्ये राहतं. पहिला ट्रिगर लांब आणि जड, पुढचे हलके. स्लाइडवरची, म्हणजे वरच्या सरकत्या भागावरची, सेफ्टी खाली केली की घोडा गोळी न उडवता खाली येतो. ज्याने १ए वापरलंय त्याला हे लगेच पटेल, कारण १एमध्ये चेंबर भरून ठेवायचं तर घोडा ताणलेलाच ठेवावा लागतो. पीपीत आठ राउंड, पीपीकेत सात. अडचण वयाची. स्प्रिंग दमलेली, एक्स्ट्रॅक्टरची (टरफल ओढून काढणाऱ्या आकड्याची) धार गेलेली, आणि मॅगझिन एकच, तेही ओठ वाकलेलं. दुसरं अस्सल मॅगझिन शोधायला निघालात तर पिस्तुलाहून जास्त चपला झिजतील.

ब्राउनिंग १९१० जुन्या इनामदार घराण्यांच्या कपाटांतून अजून निघतं. चपटं, गुळगुळीत, सदऱ्याखाली दिसतही नाही. १९१४ साली साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर झाडलं ते याच मॉडेलचं, पण त्या इतिहासासाठी ड्युटीचं हत्यार घेऊ नये. घोडा बाहेर दिसत नाही, म्हणजे ते ताणलेलं आहे की नाही हे नजरेला कळत नाही. मॅगझिनची कळ मुठीच्या बुडाला आहे, ती मागे ओढून दुसऱ्या हाताने मॅगझिन खेचावं लागतं. शौक म्हणून ठेवा, नोकरीला नको.

अशनीत नखरा नाही. साधी ब्लोबॅक रचना, म्हणजे नळी जागच्या जागी आणि स्लाइडचं वजन व स्प्रिंगचा जोर यांवर सगळं चालतं. त्यामुळे स्प्रिंग कडक लागते. पंचावन्नच्या पुढचे असाल, बोटांत संधिवाताची सुरुवात असेल, तर दुकानातच स्लाइड सलग दहा वेळा ओढून पाहा. सुटे भाग मिळतात, कागदपत्रं स्वच्छ असतात, आणि चालू नोकरीत हत्यार बिघडलं तर दाद मागायला दार आहे. पिस्तूलच घ्यायचं ठरलं असेल तर माझं मत अशनीला, वॉल्थरला कितीही नावाजलं असलं तरी.

कुठलंही ०.३२ पिस्तूल घ्या, मॅगझिन भरण्याची एक गोष्ट नीट शिका. या काडतुसाच्या बुडाला किंचित कड असते. वरच्या राउंडची कड खालच्या राउंडच्या कडेच्या पुढे बसायला हवी. ती मागे अडकली की राउंड वर सरकतच नाही आणि हा अडथळा टिचकी मारून सुटत नाही, मॅगझिन काढून मोकळंच करावं लागतं. गोळी आखूड असेल तर हा प्रकार जास्त. प्रत्येक राउंड आत सारताना मागे दाबून बसवायचा, घाई नाही.

रिव्हॉल्वरला यातलं काहीच नाही. सहा घरं, सहा राउंड, एक मिसफायर झाला तर पुन्हा ट्रिगर ओढा, पुढचं घर समोर येतं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुन्या पद्धतीचं रिव्हॉल्वर इंग्रजी वेब्लीसारखं मधून मोडतं आणि रिकामी टरफलं एकदम बाहेर पडतात. तिथलंच २०१४ साली आलेलं निर्भीक वजनाला अर्धा किलोच, पण हलकं हत्यार हातात जास्त उसळतं हेही लक्षात घ्या. २०२३ मध्ये आलेलं प्रबल ७०० ग्रॅमचं, नळी ७६ मिलिमीटर, आणि त्याचं सिलिंडर बाजूला उघडतं. भरायला सोयीचं आणि मधून मोडणाऱ्या घडणीपेक्षा बांधा घट्ट. तोटे उघड आहेत: सिलिंडरचा फुगवटा दिवसभर बरगडीला टोचतो, ट्रिगर जड, आणि सहानंतर हाताशी काही राहत नाही. तरी सराफाच्या दारात किंवा साहेबांच्या गाडीत सातवा राउंड लागेल असा प्रसंग मनात आणून हत्यार निवडणं मला पटत नाही. तिथे आधी लागतो तो आवाज, अंतर आणि डोळे.

निवड खरी ठरते ती सरावावर. लायसनवर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो, भाव महाग, आणि झाडायला जागा कमी. दुधाळीच्या रेंजवर कोल्हापूरची पोरं घडली, राही सरनोबतसारखी जागतिक दर्जाची पिस्तूल नेमबाज या गावाने दिली, पण ते खेळाचं जग आहे. गंमत अशी की पंचवीस मीटर सेंटर फायर स्पर्धेत आजही ०.३२ रिव्हॉल्वरचंच काडतूस खास पिस्तुलांतून झाडतात. गनमनच्या हत्याराचा सराव मात्र वर्षात मूठभर राउंडांवर भागवावा लागतो. पिस्तुलाला निदान पन्नासेक राउंड अडथळ्याशिवाय गेल्याखेरीज भरवसा ठेवू नये, तेही नोकरीत वापरणार त्याच काडतुसांचे. एवढे झाडायची तयारी नसेल तर पिस्तूल घेऊच नका.

दुसरी बाजू रिकामं करण्याची. गनमन हत्यार झाडत नाही, पण रोज भरतो आणि रोज रिकामं करतो. पिस्तुलाचा क्रम पक्का: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबरमध्ये नजर आणि करंगळी. उलटं केलं, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझिन काढलं, तर स्लाइड पुढे जाताना नवा राउंड चेंबरमध्ये घेऊन बसते आणि माणूस समजतो झालं रिकामं. ‘चुकून सुटली’ म्हणतात त्यातल्या कितीतरी गोळ्या अशाच सुटतात. रात्रपाळी संपवून घरी येणाऱ्या, घरात नातवंडं असलेल्या माणसाने याचा विचार शांतपणे करावा. रिव्हॉल्वर उघडलं की सहाही बुडं समोर दिसतात.

निवडणुकीचंही ध्यानात ठेवा. आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येऊ शकते. नोकरीसाठी सूट हवी तर अर्ज वेळेत द्यावा लागतो, कंपनीचं पत्र जोडून. जमा झालेलं हत्यार महिना-दोन महिने तसंच पडतं, त्यात गगनबावडा-राधानगरीकडची दमट हवा असली की नळीला तांबेरा ठरलेला. देण्याआधी तेलाचा पातळ हात फिरवा आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून देऊ नका, चामडं ओल धरतं.

रोकडीच्या गाडीवर जाणार असाल तर लायसनचं क्षेत्र तपासा. गाडी कागल ओलांडून निपाणीला निघाली की कोगनोळीपाशी कर्नाटक लागतं. लायसन फक्त महाराष्ट्रापुरतं असेल तर तिथून पुढे तुमच्या कमरेचं हत्यार बेकायदा ठरतं, मालक कोण आणि ड्युटी कसली हे कुणी विचारणार नाही.

मग घ्यायचं काय? पलटणीत पिस्तूल खरोखर हाताळलेलं आहे, वर्षाला पन्नास-शंभर राउंड झाडायची ऐपत आणि जागा आहे, काम रोकडीच्या गाडीचं आहे, अशा माणसाने अशनी घ्यावी आणि दुसरं मॅगझिन त्याच दिवशी घ्यावं. उमर पन्नाशीच्या पुढे, काम पेढीच्या दारातलं किंवा साहेबांसोबतचं, सराव नावापुरता, तर प्रबल. जुनं वॉल्थर कुणी गळ्यात मारत असेल तर आधी आरमोररकडून, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, तपासून घ्या, हत्यारावरचा नंबर लायसनवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा, आणि मगच बयाणा द्या.