डेल्फ्टची पायी फेरी: व्हर्मीरच्या चित्रातलं घर टेप लावून दाखवणारी गाइड

आधी निकाल सांगतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला जाणार असाल आणि जुनी चित्रं, जुनी घरं किंवा नुसती मोजणी यांपैकी कशाचीही आवड असेल, तर ही फेरी घ्याच. माणशी २५ युरो पडले, दोन तासांच्या वर चाललो, आणि गट लहान असल्यामुळे प्रत्येकाला मनासारखे प्रश्न विचारता आले. गाइडबाई हे काम एकट्याच करतात. त्यांना विचारलेलं नाही, म्हणून नाव इथे देत नाही. अशी फेरी निवडताना काय बघायचं ते मात्र खाली लिहिलं आहे.

मी साताऱ्याला नगर भूमापन खात्यात भूकरमापक होतो. नोकरीभर पेठांतल्या घरांचे मोहरे (रस्त्याकडच्या दर्शनी बाजू), सामाईक भिंती आणि बोळ मोजले. मुलगी हेगला असते, तिथून डेल्फ्ट ट्रेनने पंधरा मिनिटांवर. फेरीची माहिती वाचून तिनेच पैसे भरले आणि म्हणाली, "बाबा, फेरी चित्रांची आहे, पण त्यात टेप घेऊन मोजतात म्हणे. तुम्ही चलाच."

ज्या चित्रासाठी ही फेरी आहे ते डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं 'छोटी गल्ली', साधारण १६५८ सालचं. आकार ५४.३ बाय ४४ सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवरच्या कॅलेंडरपेक्षा फार मोठं नाही. ते डेल्फ्टमध्ये नाही, आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. हेन्री डेटरडिंग या तेल कंपनीच्या बड्या माणसाने १९२१ मध्ये ते विकत घेऊन संग्रहालयाला दिलं. गाइडबाईंनी आधीच निरोप पाठवला होता की राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावरून चित्राची मोठी प्रत फोनमध्ये उतरवून आणा. ती फुकट मिळते, आणि मोठी करत गेलं की विटांच्या दरजासुद्धा दिसतात. हे काम घरीच उरकून जा. चित्र डोळ्यात बसलेलं असेल तरच पुढचं सगळं कळतं.

चित्रात उजवीकडे जुनं विटांचं घर आहे, वरची भिंत पायऱ्यापायऱ्यांनी निमुळती होत गेलेली. भिंतीला तडे गेलेत आणि कुणीतरी ते बुजवलेत. खालचा भाग पांढरा रंगवलेला. दारात एक बाई शिवण घेऊन बसली आहे, बाहेर फरशीवर दोन मुलं गुडघे टेकून खेळतायत. घराला लागून बोळ. त्याचं दार उघडं आहे, आत एक बाई पिंपाशी वाकली आहे, आणि बोळातून निघालेलं गटार रस्त्याच्या दगडांतून सरळ आपल्याकडे येतं. या उघड्या दाराला अगदी चिकटून दुसरं दार आहे, बंद. त्याच्या पलीकडे वेल चढलेलं शेजारचं घर. कालवा चित्रात दिसत नाही. पण गटाराचा उतार बघा. सांडपाणी उतारानेच जाणार, आणि डेल्फ्टमध्ये अशा रस्त्याचा उतार कालव्याकडेच असणार. चित्रकार पाण्याच्या पलीकडच्या काठावरून बघत होता, हे माझ्यासारख्याला तिथेच पटलं.

हे घर नेमकं कुठलं, यावर फार वर्षं वाद होता. व्होल्डर्सग्राख्ट, न्यू लांगेनडाइक अशी वेगवेगळी ठिकाणं सुचवली गेली होती. काहींच्या मते तर अशी जागा कधी नव्हतीच, चित्रकाराने ती मनाने रचली. मग २०१५ मध्ये आम्स्टरडॅम विद्यापीठातले कला-इतिहासाचे प्राध्यापक फ्रान्स ग्रेझेनहाउट यांनी फ्लामिंगस्ट्राट ४० आणि ४२ हा पत्ता सांगितला. राइक्सम्युझियमने त्यावर प्रदर्शन भरवलं, आणि पुढच्या वर्षी ते डेल्फ्टच्या प्रिन्सेनहोफ संग्रहालयात गेलं.

हा पत्ता मिळाला तो कराच्या वहीतून. इथे मी कान टवकारले. १६६७ मध्ये डेल्फ्ट शहराने एक नोंदवही केली होती. कालव्यातला गाळ काढायचा आणि काठाची डागडुजी करायची, तर त्याचा खर्च काठावरच्या घरमालकांकडून घ्यायचा. कुणाकडून किती, हे घराच्या दर्शनी रुंदीवर ठरायचं. त्यामुळे कालव्याकाठच्या प्रत्येक घराची आणि दोन घरांमधल्या प्रत्येक बोळाची रुंदी त्या वहीत लिहिलेली आहे, अगदी १५ सेंटिमीटरच्या आतबाहेर. गाइडबाईंनी त्यातल्या पानाची झेरॉक्स हातात दिली. मला डच येत नाही, अक्षर तर त्याहून अवघड, पण रकाने ओळखीचे वाटले. आमच्या खात्यातली चौकशी नोंदवही असो की मिळकत पत्रिका, मालक कोण, मोहरा किती आणि देणं किती, याभोवतीच सगळं फिरतं. कर मोहऱ्यावर असला की मोजणी कसून होते, कारण मालक इंचासाठी भांडतो आणि कारकून इंच सोडत नाही.

ग्रेझेनहाउट यांनी चित्रातली मांडणी त्या वहीत शोधली. दोन घरं, प्रत्येकी सुमारे ६.३ मीटर रुंद, आणि त्यांच्यामध्ये एकमेकांना लागून दोन बोळ, प्रत्येकी सुमारे १.२ मीटर. साऱ्या डेल्फ्टमध्ये हे गणित फक्त फ्लामिंगस्ट्राटवर जुळलं.

आमच्या कामात याला फार वजन आहे. जुनी हद्द शोधताना भिंतीचा रंग, खिडक्या, छप्पर यांवर कुणी विसंबत नाही. छप्पर बदलतं, खिडकी मोठी होते, वाडा पडून तिथे चार मजले उभे राहतात. मोहऱ्याची रुंदी आणि बोळांचा क्रम मात्र शेजारी बदलू देत नाहीत. दोन दारं शेजारीशेजारी असण्याचा अर्थही मला गाइडबाईंच्या आधी लागला. दोन्ही मालकांची वहिवाट स्वतंत्र होती. साताऱ्याच्या पेठांत असा बोळ बहुधा एकच असतो, सामाईक, आणि त्यावरून दोन पिढ्या कोर्टात जातात. इथे प्रत्येकाने आपापला चार फुटांचा रस्ता राखला होता. हे मी सांगितलं तेव्हा बाईंनी वही काढून लिहून घेतलं आणि गटातल्या इतरांना पुन्हा समजावून सांगितलं. गाइड असाच असावा.

आता टेपची गोष्ट. घरांच्या समोरच्या काठावर, रहदारी नसलेल्या जागी, त्यांनी ३० मीटरची टेप जमिनीवर सोडली. आमच्यातल्या एकेकाला खूण धरून उभं केलं: शून्यावर एक, ६.३ वर एक, ७.५ वर मी, ८.७ वर माझी मुलगी, आणि १५ वर एक स्पॅनिश आजोबा. मग म्हणाल्या, आता फोनमधलं चित्र समोर धरा आणि पाण्यापलीकडे बघा. मी आणि मुलगी इतके जवळ उभे होतो की हात लांब केला असता तर तिच्या खांद्याला लागला असता. पिंपाशी वाकलेली बाई असल्याच जागेत उभी होती. कागदावरचा १.२ हा आकडा तिथे अंगाला समजला.

समोर आज दिसतात ती घरं एकोणिसाव्या शतकातली आहेत. पायऱ्यांची भिंत नाही, वेल नाही. उजव्या बाजूचं बोळाचं दार मात्र अजून आहे. ते बघताना मला जे वाटलं ते फार दिवसांनी वाटलं. एखाद्या जुन्या मोजणीतला दगड झुडपात सापडावा आणि नकाशाशी जुळावा, तसला आनंद. एक विनंती: तिथे लोक राहतात. दारापर्यंत जाऊन डोकावू नका, फोटो पलीकडच्या काठावरूनच काढा. बाईंनीही हे बजावून सांगितलं.

वहीने आणखी एक दार उघडलं. उजवीकडचं घर व्हर्मीरच्या आत्याचं निघालं, आरियान्तखन क्लास व्हान डर मिने, त्याच्या वडिलांची सावत्र बहीण. नवरा वारलेला, पदरी पाच मुलं, आणि ती वजडी विकून घर चालवायची. त्यामुळे बाजूच्या बोळाला पेन्सपोर्ट, म्हणजे वजडीचं दार, असंच नाव पडलं होतं. व्हर्मीरची आई आणि बहीण याच कालव्यावर तिरक्या समोर राहायच्या. हे ऐकल्यावर तडे बुजवलेली ती भिंत मी पुन्हा मोठी करून बघितली. भाच्याने आत्याच्या घराची डागडुजीसुद्धा सोडलेली नाही, एकेक ठिगळ रंगवलं आहे.

मला आवडलं ते हे की बाईंनी दुसरी बाजू लपवली नाही. फ्लामिंगस्ट्राटच्या आधी त्या आम्हाला व्होल्डर्सग्राख्टला घेऊन गेल्या. व्हर्मीरच्या वडिलांची मेखेलेन ही खानावळ बाजारचौकात होती आणि तिची मागची बाजू या कालव्यावर यायची. मागच्या खिडकीतून पलीकडे वृद्धाश्रमाची जुनी इमारत दिसायची, चित्रात तीच आहे असं मानणारे अभ्यासक आजही आहेत. बाईंनी त्यांचं म्हणणं नीट मांडलं आणि ठरवायचं आमच्यावर सोडलं. माझं मत फ्लामिंगस्ट्राटच्या बाजूने आहे. खिडकीतून काय दिसलं असेल हा अंदाज झाला, पण दोन जोड-बोळ वहीत लेखी आहेत.

फेरीचा शेवटचा भाग 'डेल्फ्टचं दृश्य' या मोठ्या चित्राचा, आणि तो घाईत उरकला. होइकाडे भागात पाण्याकाठी नेतात. चित्रातल्या दोन्ही वेशी केव्हाच पाडल्या आहेत, पण नव्या चर्चचा मनोरा अजून दिसतो. टेक्सासच्या खगोल अभ्यासकांनी मनोऱ्यावरचं ऊन आणि घड्याळ यांवरून हे दृश्य सकाळी आठच्या सुमाराचं, ३ किंवा ४ सप्टेंबरचं, १६५९ किंवा त्याआधीच्या वर्षातलं आहे असं २०२० मध्ये मांडलं. इतकी रंगतदार गोष्ट पाच मिनिटांत संपवली याची हळहळ वाटली. हे चित्र हेगच्या मॉरित्सहाउसमध्ये आहे, ते आदल्या दिवशी बघून आलात तर ही कसर भरून निघेल.

आणखी दोन तक्रारी. झेरॉक्स फार बारीक आहे, साठीच्या वरच्या माणसाला चष्म्यानेही वाचवत नाही, मोठ्या कागदावर द्यायला हवी. दुसरं, वाट सगळी दगडी आहे आणि मध्ये बसायला कुठे थांबवत नाहीत. गुडघे दुखणाऱ्यांनी आधीच सांगून ठेवावं. इंग्रजी मात्र सावकाश आणि स्वच्छ बोलतात, त्यामुळे काही सुटलं नाही.

तुलना करायला सांगतो. दुसऱ्या एका शहरात आम्ही कानात यंत्र लावून होडीतून कालवे बघितले होते. जुन्या चित्रांचा उल्लेख झाला, कुठल्याशा घराकडे बोट दाखवलं, आणि होडी पुढे गेली. असं का म्हणता, पुरावा काय, हे विचारायला समोर कुणी नव्हतं. म्हणून डेल्फ्टमध्ये फेरी ठरवताना तीन गोष्टी विचारून घ्या. १६६७ च्या वहीचं पान दाखवणार का? व्होल्डर्सग्राख्ट आणि फ्लामिंगस्ट्राट या दोन्ही जागी नेणार का? आणि गट किती माणसांचा? पहिल्या प्रश्नाला जो गाइड लगेच हो म्हणेल, त्याच्याकडे पैसे भरा. सकाळची वेळ मागा, दुपारनंतर बाजारचौकात गर्दी होते आणि बोलणं ऐकू येत नाही. मुलांना नेलंत तर टेप धरायचं काम त्यांना द्या.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कापला तो घाईत उरकलेल्या शेवटासाठी.