फोटो फ्रेम करायला गेले आणि अर्धा फोटो कापून घेऊन आले

चार स्टार देतेय, पाचवा का नाही ते खाली लिहिते.

काम साधं होतं, आजोळच्या घराच्या मागच्या भिंतीचा फोटो बारा बाय अठरा इंच प्रिंट करून फ्रेम करायचा. घर राजापूरकडे, चिऱ्याचं, मागच्या बाजूला गिलावा कधी केलाच नाही, त्यामुळे इतक्या पावसाळ्यांत त्या भिंतीचं जे काय झालंय ते बघण्यासारखं आहे, वरून काळे ओघळ, चिऱ्यांच्या भोकाभोकांत वाळलेलं शेवाळ, आणि मधेच विटकरी लाल रंग डोकावतो. (चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो आणि मग हवा लागून टणक होतो, हे मामा आल्यागेल्या प्रत्येकाला सांगतो.) मे महिन्यात फोनवर काढलेला फोटो, मला तरी एकदम भारी वाटत होता.

दुकानातल्या काकांनी तो स्क्रीनवर बघितला आणि म्हणाले, "ताई, यात बघायचं काय?" म्हटलं भिंत. "ते दिसतंय हो, भिंतीत काय?" खरं सांगते, राग आला. पण नीट बघितलं तर फोटोत बरोबर मधोमध निळी खिडकी, डाव्या कोपऱ्यात आभाळाचा पांढराफटक तुकडा, खाली बादली, उजवीकडे लाइटचा मीटर, म्हणजे घराची यादीच केल्यासारखी.

मग त्यांनी एक छोटी कच्ची प्रिंट काढली (तिचे पैसे वेगळे लागले, आधी बोलले नव्हते) आणि ड्रॉवरमधून काळ्या माउंटबोर्डचे (जाड पुठ्ठ्याचे) दोन एल आकाराचे तुकडे काढले. ते प्रिंटवर समोरासमोर ठेवले की मधे चौकट तयार होते आणि तुकडे सरकवले की चौकट लहानमोठी होते, बस्स एवढंच, पण फोनवर बोटाने क्रॉप करण्यात आणि यात फार फरक पडतो कारण कापलेला भाग खरंच काळ्याखाली जातो. डावा तुकडा आत घेतला, आभाळ गेलं, आणि तेव्हा कळलं की माझी नजर सारखी त्या पांढऱ्याकडेच पळत होती. मीटर गेला. बादली गेली. खिडकी अजून मधेच, काका म्हणाले "पासपोर्ट साइझ काढलाय खिडकीचा". मग दोन्ही तुकडे जरा जरा सरकवत खिडकी वर उजवीकडे नेली आणि डावीकडे खालपर्यंत नुसते चिरे आणि एक लांब काळा ओघळ. एवढं रिकामं? मला पटेना. दहा मिनिटं तशीच बघत बसले, मधे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं, आणि मग पटलं, आता खिडकीवरून नजर त्या ओघळावरून खाली उतरत होती.

खिडकीचं एक दारच ठेवू असंही ते म्हणत होते, ते मी ऐकलं नाही, अर्धी खिडकी चुकून कापल्यासारखी दिसते. ओघळाशेजारी एक गंजका खिळा होता, तो मला पुसून टाकायचा होता, तो त्यांनी ठेवायला लावला. तिथे ते बरोबर होते.

चिऱ्यांच्या रांगा तिरक्या दिसत होत्या कारण मी भिंतीसमोर न उभी राहता कडेला उभी होते, ते त्यांनी कॉम्प्युटरवर सरळ केलं पण त्यात कडा अजून गेल्या. शिवाय फोनचा फोटो चारास तीन आणि बारा-अठरा म्हणजे तीनास दोन, तेव्हा थोडं कापावं लागणारच होतं. 4000 बाय 3000 पिक्सेलमधून शेवटी 3000 बाय 2000 उरले. अठरा इंचांना म्हणजे इंचाला 166 पिक्सेलच्या आसपास, प्रिंट फुटेल की काय अशी मला धाकधूक होती, पण भिंतीवर पाच-सहा फुटांवरून काही जाणवत नाही.

उजेडाचं मात्र काही करता आलं नाही. भिंत पश्चिमेची आणि फोटो संध्याकाळी पाचचा, ऊन अगदी समोरून, सगळी भोकं सपाट. दोनच्या सुमारास काढा म्हणाले, पागोळीची सावली वर सरकलेली असते आणि ऊन भिंतीला घासून उतरतं. दिवाळीत जाईन तेव्हा बघते.

कागद मॅट घ्या, ग्लॉसी घेऊ नका. फोटोभोवती दोन इंचांचा पांढरा माउंट (पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमची काळी बारीक पट्टी, छान दिसतंय. आता स्टार का कापला: चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि चकाकी न येणारी काच मिळते हे फ्रेम घरी आणल्यावर मैत्रिणीकडून कळलं, आता रोज रात्री माझ्या भिंतीत ट्यूबलाइट दिसते.

जाताना फोटो पेनड्राइव्हवर ओरिजिनल न्या. मी आधी व्हॉट्सॲपवर पाठवलेलाच नेला होता, लहान झालेला, एक चक्कर फुकट गेली.