जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांची एक सशुल्क सेवा आणि दोन वर्षांत आटोपलेली नॉर्थवेस्टर्न लीग

एप्रिल आणि मे असे दोन महिने मी जुन्या अमेरिकन वृत्तपत्रांच्या एका सशुल्क ऑनलाइन सेवेची वर्गणी भरली होती आणि तिच्याकडून मला एकच काम करून घ्यायचे होते: १८८३ मध्ये सुरू होऊन १८८४ च्या हंगामातच कोलमडलेल्या नॉर्थवेस्टर्न लीग या बेसबॉल स्पर्धेची हकीकत आठवड्यागणिक जुळवणे. भुसावळ आणि जळगावच्या शाळांमध्ये अनेक वर्षे मुलामुलींना सॉफ्टबॉल शिकवल्यामुळे या खेळाच्या मूळ घराण्याविषयी कुतूहल होतेच, आणि निवृत्तीनंतर वेळही मिळाला. सेवेचे नाव मी देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या बहुधा अशा सर्वच सेवांना कमीअधिक प्रमाणात लागू पडाव्यात.

प्रथम व्यवहाराचे बोलतो. महिन्याची वर्गणी रुपयांत जवळपास दोन हजार पडली. त्यासाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेले कार्ड लागते आणि ते चालू करून घेण्यासाठी मला बँकेत दोन खेपा घालाव्या लागल्या. प्रत्येक पान म्हणजे एक मोठे छायाचित्र असल्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ते हळूहळू उलगडते. मे महिन्यातल्या भुसावळात दुपारी वीज गेली की संगणकापुढे बसणे अशक्यच असते, म्हणून मी पहाटे वाचत असे. पान एकदा उघडले की अक्षरे मात्र स्वच्छ दिसतात आणि हवे ते कात्रण तारखेसह जतन करता येते. ही सोय अतिशय चांगली आहे आणि वर्गणीचा निम्मा मोबदला मला तिथेच मिळाला.

शोधाची खिडकी मात्र जपून वापरावी लागते. त्या काळी ‘बेस’ आणि ‘बॉल’ हे दोन वेगळे शब्द म्हणून छापत असत. आजच्यासारखा जोडशब्द टाकला तर हाती जवळजवळ काहीच लागत नाही, आणि हे कळेपर्यंत माझे पहिले दोन दिवस वाया गेले. संघांना आजच्यासारखी ठसठशीत नावे क्वचितच असत; क्विन्सी गावचा संघ तो ‘क्विन्सीज’, सॅगिनॉचा तो ‘सॅगिनॉज’. त्यात लीगचे अध्यक्ष इलायस मॅटर यांचे आडनावच असे की ते शोधायला टाकले तर त्या वर्षातले प्रत्येक वृत्तपत्र प्रत्येक पानावर हजर होते. शिवाय नॉर्थवेस्टर्न लीग या नावाच्या स्पर्धा एकाहून अधिक आहेत. १८७९ साली डब्यूक, डेव्हनपोर्ट, ओमाहा आणि रॉकफर्ड या चार गावांनी याच नावाची एक लीग मांडली होती, १८८६ मध्ये हे नाव पुन्हा उचलले गेले, आणि विसाव्या शतकात ते पार सिएटलच्या बाजूला जाऊन पोहोचले. सेवेला यातला फरक कळत नाही, तो वाचकालाच सांभाळावा लागतो.

आता ज्या कामासाठी वर्गणी भरली त्याकडे वळतो. लीगचा जन्म ही सेवा फार उत्तम दाखवते. १८८३ च्या फेब्रुवारीत नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन या त्या वेळच्या दोन मोठ्या लीग आणि ही नवी नॉर्थवेस्टर्न लीग यांनी मिळून त्रिपक्षीय करार केला. प्रत्येक क्लबने अकरा खेळाडू राखून ठेवावेत, इतरांनी त्यांना फोडू नये, आणि राखीव खेळाडूला मोठ्या दोन लीगांत किमान १,००० डॉलर, तर या धाकट्या लीगमध्ये किमान ७५० डॉलर पगार द्यावा, असे ठरले. मायनर लीग (मोठ्या लीगांखालच्या धाकट्या लीग) नावाची व्यवस्था कागदावर उभी राहिली ती बरीचशी याच कराराने. टोलेडो, सॅगिनॉ, बे सिटी, ग्रँड रॅपिड्स, फोर्ट वेन, पिओरिया, क्विन्सी आणि स्प्रिंगफिल्ड हे आठ क्लब. त्यांची गावे लाकडाच्या वखारी, कारखाने आणि रेल्वे यांवर पोसलेली. जंक्शनच्या गावात वाढलेल्या माणसाला ही यादी परकी वाटत नाही.

मार्च १८८३ मधला एक प्रसंग मी मुद्दाम मूळ बातम्यांमधून तपासला. टोलेडोचा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय होता, आणि पिओरियाच्या प्रतिनिधीने अशा खेळाडूंना लीगमध्ये बंदी घालावी असा ठराव बैठकीत मांडला. जोरदार चर्चा झाली आणि ठराव मागे घेतला गेला. ऑगस्टमध्ये शिकागोचा कॅप ॲन्सन आपला संघ घेऊन प्रदर्शनी सामन्यासाठी टोलेडोला आला आणि वॉकर मैदानात असेल तर आपण खेळणार नाही म्हणाला. टोलेडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी वॉकरला मुद्दाम राइट फील्डमध्ये (मैदानाच्या उजव्या बाजूला) उतरवले. खेळला नाहीस तर तिकिटांच्या पैशातला वाटा मिळणार नाही, एवढे ऐकल्यावर ॲन्सन निमूट खेळला. त्या वर्षी अजिंक्यपद टोलेडोनेच मिळवले, पुढच्या वर्षी क्लब अमेरिकन असोसिएशनमध्ये गेला आणि १ मे १८८४ रोजी वॉकर मेजर लीगमध्ये, म्हणजे वरच्या दर्जाच्या लीगमध्ये, उतरला. तो आणि त्याचा भाऊ वेल्डी यांच्यानंतर कृष्णवर्णीयांसाठी मेजर लीगचे दार बंद झाले ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडेपर्यंत. बंदीचा ठराव आज आपल्याला ठळक मथळ्याची बातमी वाटतो. त्या वेळच्या पानावर तो इतर कामकाजाच्या रांगेत बसलेला असतो, आणि पान अख्खे पाहिल्याशिवाय हे लक्षात येत नाही.

याच लीगच्या पहिल्या हंगामात, २ जून १८८३ रोजी, फोर्ट वेनमध्ये विजेच्या सतरा दिव्यांखाली रात्रीचा सामना झाला. क्विन्सीच्या व्यावसायिक संघाने स्थानिक मेथडिस्ट कॉलेजच्या मुलांना सात डावांत १९–११ असे हरवले. हा लीगचा सामना नव्हता, दिव्यांची जाहिरात होती, तरी आमच्या मुलांना सांगण्यासारखा आहे.

सेवा उणी पडते ती १८८४ मध्ये. त्या वर्षी लीगने आठाचे बारा क्लब केले. मिलवॉकी, मिनियापोलिस, सेंट पॉल आणि स्टिलवॉटरपर्यंत, म्हणजे मिशिगनच्या किनाऱ्यापासून मिनेसोटापर्यंत, तिचे सामने पसरले. त्याच वर्षी हेन्री लुकास यांनी युनियन असोसिएशन ही तिसरी मोठी लीग काढल्यामुळे खेळाडूंचे भाव वाढले. पगार वाढलेले, रेल्वेचे भाडे अंगावर आणि गाव लहान असल्याने तिकिटे तेवढीच: हिशेब जुळणार कसा? जुलैत बे सिटीने हात टेकले. ऑगस्टमध्ये ग्रँड रॅपिड्स, म्हणजे गुणतक्त्यात सर्वांत वर असलेला संघ, बंद झाला. सॅगिनॉही गेला आणि त्याचा पिचर (चेंडू टाकणारा) जॉन क्लार्कसन शिकागोकडे गेला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वश्रेष्ठांच्या मानाच्या यादीत, पोहोचला. ओळीने सामने हरणाऱ्या स्टिलवॉटरकडून बड फाउलर हा कृष्णवर्णीय खेळाडू पिचिंग करत होता. त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळायला २०२२ साल उजाडले.

या पडझडीच्या आठवड्यांत मला सेवेच्या मर्यादा नेमक्या दिसल्या. गावात क्लब असेपर्यंत तिथले वृत्तपत्र रोज अर्धा रकाना भरून स्कोअर छापते; क्लब मोडला की दोन ओळी येतात, आणि त्या दोन ओळींत बहुतेक वेळा लीगचे नावच नसते. शोधयंत्र लीगचे नाव शोधते, म्हणून शेवट त्याच्या हातून निसटतो. त्यात बारीक टाइप, घडीची रेघ आणि शाईचे डाग यांमुळे यंत्राने वाचलेला मजकूर इतका बिघडतो की एका स्कोअरच्या तक्त्यात तीन खेळाडूंची नावे मला अंकांत मिळाली. ऑगस्टचे अख्खे दोन आठवडे मी शोध बंद करून पान उलटत वाचले, आणि तेव्हाच काम पुढे सरकले. याविषयी ग्राहकसेवेला लिहिले असता सहा दिवसांनी सभ्य पण साचेबंद उत्तर आले.

सेंट पॉलपुरता प्रश्न मी वर्गणीशिवाय सोडवला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या मोफत संग्रहात ‘सेंट पॉल डेली ग्लोब’ आहे, आणि तिथे १८८४ चा तो हंगाम निवांतपणे वाचता येतो. लीग मोडल्यावर मिलवॉकी आणि सेंट पॉल हे क्लब हंगामाच्या शेवटी युनियन असोसिएशनमध्ये शिरले. सेंट पॉलने तिथे नऊ सामने खेळले, दोन जिंकले, सहा हरले, एक बरोबरीत सुटला, आणि हे सर्व परगावी. पुढे १९६९ मध्ये युनियन असोसिएशन मेजर लीग म्हणून धरली गेल्यामुळे घरच्या मैदानावर एकही सामना न खेळलेला मेजर लीग संघ म्हणून सेंट पॉलचे नाव नोंदले गेले आहे.

ज्यांना मिशिगन, इंडियाना आणि इलिनॉयमधील लहान गावांची वृत्तपत्रे हवी आहेत, त्यांनी सशुल्क सेवा एका महिन्यापुरती जरूर घ्यावी, पण आधी तारखांची यादी करून ठेवावी. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते हेही ध्यानात असू द्यावे. माझा दुसरा महिना खरे तर असाच गेला, मी तो ठरवून घेतला नव्हता. ‘ग्लोब’ची सप्टेंबर आणि ऑक्टोबरची पाने अजून वाचायची राहिली आहेत. ती पावसाळ्यात वाचेन.