रबाळ्याच्या ऑफिसात पॉवर १०: मार्चअखेर आणि एक पावसाळा पार केल्यानंतर

गेल्या दिवाळीनंतर आमचं जुनं पॉवर ८ मशीन निवृत्त केलं आणि त्याच्या जागी आयबीएमच्या पॉवर १० मालिकेतला एस१०१४ हा सर्व्हर बसवला. चार कोर, ६४ जीबी मेमरी, त्यावर आयबीएम आय या ऑपरेटिंग सिस्टीमची ७.५ आवृत्ती. आमचा धंदा वाहनांच्या सुट्या भागांच्या वितरणाचा. ऑफिस आणि सर्व्हर रबाळे एमआयडीसीत, मोठं गोदाम भिवंडीला. ऑर्डर, स्टॉक, बिलिंग, खातेवही सगळं या एकाच मशीनवर चालतं. मार्चअखेरचं क्लोजिंग आणि इथला पाऊस पाहिल्याशिवाय याबद्दल लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. आता दोन्ही पाहून झालं.

जुनं मशीन कुरकुर करत नव्हतं. पण त्यावरच्या ७.३ आवृत्तीचा सपोर्ट ३० सप्टेंबर २०२३ ला संपला आणि ७.५ ला किमान पॉवर ९ लागतं. ऑडिटरने त्यावर बोट ठेवलं, आणि ते बरोबरच होतं.

ज्यांनी हे प्रकरण जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. जून १९८८ मध्ये एएस/४०० म्हणून जे आलं, त्याच घराण्यातलं हे मशीन. आधीच्या सिस्टीम/३६ आणि सिस्टीम/३८ या दोन्हींचे ग्राहक एका छताखाली आणण्यासाठी ते काढलं होतं. पुढे नावं बदलत गेली, आयसिरीज, सिस्टीम आय, आणि २००८ पासून पॉवर सिस्टीमवर चालणारं आयबीएम आय. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या कंपन्यांत आजही सगळे एएस-फोर-हंड्रेडच म्हणतात. मेनफ्रेम परवडत नाही आणि पाच-सहा वेगवेगळे सर्व्हर सांभाळायला माणसं नाहीत, अशा मधल्या आकाराच्या धंद्यासाठी ही जात जन्माला आली. डेटाबेस, सिक्युरिटी, जॉबची रांग, प्रिंटिंगचा स्पूल हे सगळं ऑपरेटिंग सिस्टीममध्येच गुंफलेलं येतं. डीबी२ हा डेटाबेस वेगळा विकत घेऊन वेगळा इन्स्टॉल करायचा नसतो. आमच्या ईडीपीत, म्हणजे संगणक विभागात, आम्ही मोजकी माणसं आहोत आणि डेटाबेस सांभाळणारा वेगळा डीबीए कधीच नव्हता. हे शक्य झालं ते या गुंफणीमुळे.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे सिंगल लेव्हल स्टोरेज. मेमरी आणि डिस्क मिळून एकच मोठी पत्त्यांची जागा असते. सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, टेबलस्पेस असलं काही नाही. फाइल कुठल्या डिस्कवर ठेवायची हे आपण ठरवत नाही, सिस्टीम स्वतःच सगळ्या डिस्कवर पसरवते. स्टॉकची फाइल फुगली म्हणून रविवारी येऊन डेटा हलवायचं काम आमच्याकडे कुणाला माहीतच नाही. पाहायचा तो एकच आकडा, वर्क सिस्टीम स्टेटसच्या पडद्यावर वरच दिसणारी एएसपीची, म्हणजे डिस्कच्या एकत्रित साठ्याची, भरलेली टक्केवारी. मूळ सेटिंगमध्ये ती नव्वदीला गेली की ऑपरेटरच्या मेसेज क्यूमध्ये इशारा येतो. आम्ही तो ८० वर आणून ठेवला आहे, कारण ही जागा पूर्ण भरली तर एखादी फाइल नाही, अख्खं मशीन थांबतं.

डिस्क घेताना मात्र नीट विचार करा. एस१०१४ मध्ये आत एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान फ्लॅश डिस्क) लावले आणि आयबीएम आयला थेट दिले, तर संरक्षण मिररिंगनेच होतं, म्हणजे तोच डेटा दोन ड्राइव्हवर लिहून. जुन्या एसएएस डिस्कसारखं रेड-५ इथे नाही. म्हणजे चार ड्राइव्ह घेतले तर दोनाचीच जागा हाती येते. कोटेशनमध्ये एकूण टीबी ठळक लिहिलेली असते. वापरायला किती मिळणार हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. दुसरं, एका ड्राइव्हचे अनेक नेमस्पेस, म्हणजे आतले कप्पे, करता येतात आणि सिस्टीमला प्रत्येक नेमस्पेस म्हणजे एक डिस्क युनिट दिसतं. समांतर काम वाढवायला ते उपयोगी आहे, पण ही आखणी डेटा रिस्टोर करण्याआधी झाली पाहिजे.

वेगाबद्दल फार लिहीत नाही. स्टॉक लेजरचा महिनाअखेरचा जॉब पूर्वी संध्याकाळी सोडून घरी जायचो आणि सकाळी पाहायचो. आता चहा पिऊन येईपर्यंत तो संपलेला असतो. पण मला त्याहून जास्त कौतुक आहे ते हे की असला जड जॉब चालू असताना काउंटरवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मूळ मांडणीत पडद्यावरचं काम २० प्रायॉरिटीने चालतं आणि बॅच, म्हणजे मागे चालणारे जॉब, ५० ने, आणि इथे आकडा लहान तेवढा मान मोठा. ३१ मार्चला दुपारी अकाउंट्सच्या मॅडम एकामागून एक रिपोर्ट सोडत होत्या, तिकडे भिवंडीत गाड्या लागलेल्या, आणि डिस्पॅचचे दादा नेहमीच्याच वेगाने चलनं काढत होते. मी वर्क ॲक्टिव्ह जॉब, म्हणजे चालू जॉबची यादी, उघडून बसलो होतो, दर मिनिटाला रिफ्रेश करत. प्रिंटरचा रायटर जॉब मेसेज वेटला, म्हणजे उत्तराची वाट पाहत, थांबला होता, फॉर्म टाइप बदलायचा प्रश्न विचारत. उत्तर दिलं, पुढे सरकला. बाकी सगळं हिरव्या पडद्यावर शांतपणे चालू होतं.

हो, हिरवा पडदा, म्हणजे ५२५० टर्मिनलचा नुसत्या अक्षरांचा पडदा. नवीन मुलं तो पाहून नाक मुरडतात. पण बिलिंगला बसणाऱ्या माणसाचा हात पाहा. पार्ट नंबर, फील्ड एक्झिट, नग, फील्ड एक्झिट, एंटर, आणि नजर कागदावरून हलतसुद्धा नाही. पुढचा पडदा येण्याआधीच त्याचं टायपिंग झालेलं असतं आणि ते वाया जात नाही. आम्ही मध्यंतरी ब्राउझरवरचा ऑर्डर फॉर्म करून पाहिला. सेल्सच्या मुलांना बाहेरून ऑर्डर टाकायला तो छान आहे आणि राहील. काउंटरला मात्र ५२५० च.

आमचा दर ठरवण्याचा प्रोग्रॅम, म्हणजे डीलरनिहाय सवलत, स्कीम, राउंडिंग वगैरे, आरपीजी या याच मशीनच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे आणि त्याच्या सोर्सवरची शेवटची तारीख १९९७ ची आहे. तो प्रोग्रॅम जसाच्या तसा जुन्या मशीनवरून सेव्ह केला, नव्यावर रिस्टोर केला आणि चालू लागला. यामागे टीआयएमआय नावाचा थर आहे. प्रोग्रॅम थेट प्रोसेसरशी बोलत नाही, या मधल्या थराशी बोलतो. खालचा प्रोसेसर बदलला की सिस्टीम स्वतःच नव्या प्रोसेसरसाठी भाषांतर करून घेते. १९९५ मध्ये ४८ बिटवरून ६४ बिट पॉवरपीसीवर जाताना हेच झालं होतं आणि आजही तेच होतं. ज्या कंपनीची वीस-पंचवीस वर्षांची धंद्याची अक्कल अशा प्रोग्रॅममध्ये साठलेली आहे, तिच्यासाठी ही सोय पैशात मोजता येणार नाही. शिवाय रकमा पॅक्ड डेसिमलमध्ये ठेवलेल्या असतात. नऊ अंकी रक्कम पाच बाइटमध्ये, आणि दशमान पद्धतीनेच. ट्रायल बॅलन्समध्ये दोन पैशांचा फरक शोधत रात्र घालवायची वेळ त्यामुळे येत नाही.

जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसबद्दल, म्हणजे प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्याबद्दल, सगळे विचारतात, म्हणून जरा सविस्तर. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ते सक्तीचं झालं, आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी किंवा त्याहून जास्त उलाढाल असेल तर बिल ३० दिवसांच्या आत पोर्टलवर नोंदवावं लागतं. जुन्या मशीनवर आम्ही फाइल काढून एका पीसीवर न्यायचो, तिथलं युटिलिटी सॉफ्टवेअर ती पाठवायचं. तो पीसी बंद पडला की बिलिंग बंद. आता मधला पीसी गेला. बिल तयार झालं की एसक्यूएलच्या जेसन ऑब्जेक्ट फंक्शनने मजकूर बांधला जातो आणि सिस्टीमच्याच क्यूसिस२ लायब्ररीतल्या एचटीटीपी पोस्ट फंक्शनने जीएसपीकडे, म्हणजे पोर्टलशी जोडून देणाऱ्या मध्यस्थ कंपनीकडे, जातो. उलट आलेला ६४ अक्षरी आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आणि क्यूआर टेबलमध्ये बसतात. पीडीएफ बनवायला त्याच मशीनवर पायथन चालतं. पाठवलं पण उत्तर येण्याआधी लाइन तुटली, असं पावसात होतंच. मग तेच बिल पुन्हा पाठवलं की २१५० नंबरची एरर येते, डुप्लिकेट आयआरएन. आमचा प्रोग्रॅम ही एरर अपयश मानत नाही, त्याच उत्तरातून आधीचा आयआरएन उचलतो. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्या दिवसापासून ठेवा, नाहीतर गाडी गेटवर उभी राहते.

डेटा बाहेर नेताना दोन गोष्टी जपा. जुन्या फाइलींवर सीसीएसआयडी, म्हणजे अक्षरं कुठल्या संकेतात आहेत ते सांगणारा नंबर, ६५५३५ असेल तर एक्सेलमध्ये ओडीबीसीने ओढल्यावर अक्षरांच्या जागी कचरा दिसतो. फाइलीला योग्य सीसीएसआयडी द्या, ते कायमचं औषध. आणि इथली अक्षरमाला एबसिडिक आहे, तिच्यात अंक अक्षरांच्या नंतर येतात. आमचे पार्ट नंबर कधी अंकाने सुरू होतात तर कधी अक्षराने, त्यामुळे रिपोर्टमधला क्रम आणि एक्सेलमधला क्रम जुळत नाही आणि गोदामातले लोक वैतागतात. ग्राहकांची नावं मराठीत ठेवायची असतील तर तो कॉलम सीसीएसआयडी १२०८ चा, म्हणजे यूटीएफ-८ चा करा. पीडीएफवर सुरेख उमटतात.

सुरक्षेबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे, की याला व्हायरस लागत नाही. इथे प्रत्येक गोष्ट ऑब्जेक्ट आहे आणि ऑब्जेक्टचा प्रकार बदलत नाही, त्यामुळे डेटाची फाइल प्रोग्रॅम म्हणून चालवता येत नाही, हे खरं आहे. पण आयएफएसचा, म्हणजे विंडोजसारख्या फोल्डरच्या फाइल सिस्टीमचा, रूट फोल्डर विंडोजला रीड-राइट शेअर करून ठेवला असेल, तर एखाद्या पीसीवरचं रॅन्समवेअर तिथल्या फाइली खुशाल कुलूपबंद करू शकतं. कित्येक ठिकाणी हा शेअर आजही उघडा असतो. ७.५ मध्ये शेअरला ऑथरायझेशन लिस्ट, म्हणजे कुणाला परवानगी त्याची यादी, लावता येते, ती लावा. नवीन यूजर बनवताना पासवर्ड आपोआप यूजरच्या नावाचाच पडायचा, तेही ७.५ मध्ये बंद झालं.

पावसाळ्याचं म्हणाल तर वीज गेली-आली, यूपीएसच्या नेटवर्क कार्डावरून संदेश येतो आणि बॅटरी उतरायला लागली की मशीन शिस्तीत बंद होतं. मला जास्त काळजी हवेची असते. रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यात रासायनिक कारखाने आहेत, आणि गंधकाच्या वायूंनी तांबं-चांदी काळी पडते. आम्ही सर्व्हर रूममध्ये तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर टांगून तपासून घेतली. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत थर चढला तर जी१, म्हणजे सौम्य वर्ग. आमची खोली जी१ मध्ये बसली ती दाराच्या फटी बुजवून फिल्टर लावल्यानंतर. इथे कुठलाही सर्व्हर ठेवणाऱ्याने हे करावंच.

आता ज्याचा त्रास होतो ते. आमचं लायसन्स यूजरच्या संख्येवर आहे, तेव्हा भिवंडीत माणसं वाढली की खर्चही वाढतो. मायग्रेशनला आलेल्या सर्व्हिस पार्टनरचा माणूस टेपवरून रिस्टोर करण्यात तरबेज होता, पण नेमस्पेसचं त्याला आम्हालाच सांगावं लागलं. आणि माणसं मिळत नाहीत. आरपीजी म्हटलं की ठाण्यातल्या कॉलेजातून आलेला मुलगा आधी कॉलमचं जुनं फॉरमॅट पाहतो आणि घाबरतो, कारण त्याला कुणीतरी एसईयू हा हिरव्या पडद्यावरचा जुना एडिटर उघडून दिलेला असतो. एसईयूची तपासणी ६.१ नंतर सुधारलेलीच नाही, कॉलमचं बंधन नसलेलं नवीन फ्री फॉर्म आरपीजी लिहिलं तर तो बरोबर ओळीलाही चूक म्हणतो. आमच्या नव्या मुलीला आम्ही सरळ व्हीएस कोड आणि त्यातलं कोड फॉर आयबीएम आय हे फुकट एक्स्टेन्शन दिलं, सोबत एसक्यूएल. ती एसक्यूएलने चालू जॉबची यादी काढून अडकलेला जॉब माझ्याआधी शोधते. ‘सर, हा लॉक बघा, बिलिंगच्या तीन नंबरने धरलाय,’ असं तिने सांगितलं की मला फार बरं वाटतं.

घ्यावं का? तुमचे प्रोग्रॅम आधीपासून यावर असतील आणि मशीन पॉवर ८ किंवा त्याआधीचं असेल, तर थांबू नका. शून्यातून सुरुवात करत असाल आणि तयार पॅकेजवर भागत असेल, तर एवढ्यासाठी हे घेऊ नका. या मशीनची खरी किंमत वसूल होते ती स्वतःच्या कोडवर.

आमच्याकडे पुढचं काम ७.६ चं आहे. त्याला पॉवर १० किंवा पुढचंच मशीन लागतं, ते आहे. लॉगिनला पासवर्डसोबत दुसरा कोड मागायची सोय त्यात सिस्टीममध्येच दिलेली आहे, आणि ऑडिटरची पुढची मागणी तीच असणार. दिवाळीच्या सुट्टीत आधी गो सेव्ह या बॅकअपच्या मेनूतला २१ नंबरचा पर्याय घेऊन पूर्ण बॅकअप, तो दुसऱ्या पार्टिशनवर रिस्टोर करून बिलिंगची चाचणी, आणि मग अपग्रेड.