एसएटी की एसीटी: निवड कशी करायची?

अमेरिकेतली कॉलेजं प्रवेशासाठीच्या या दोन्ही परीक्षांना सारखंच मानतात. त्यामुळे कुठलीचं वजन जास्त, हा विचार सोडून द्या. तुम्हाला कुठली झेपते, एवढंच पाहायचं.

खरा फरक वेळेचा आहे. एसएटीत गणिताच्या 44 प्रश्नांना 70 मिनिटं मिळतात, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिटाहून थोडी जास्त. एसीटीच्या 2025 पासूनच्या नव्या स्वरूपात 45 प्रश्न 50 मिनिटांत सोडवायचे. इंग्रजीत तर प्रश्नाला 42 सेकंदच. ज्यांना उत्तर येतं पण सावकाश येतं, त्यांनी एसएटीच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे डेसमॉस कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतो. दोन समीकरणं टाइप करा, आलेखातल्या छेदबिंदूवर क्लिक करा, उत्तर समोर! हा हात मात्र आधीच बसवायला हवा.

वाचनातही एसएटीचे उतारे छोटे, प्रत्येकावर एकच प्रश्न. एसीटीत लांब उतारा आणि त्यावर बरेच प्रश्न. एकदा विषयात शिरलं की ज्यांचं वाचन वेग घेतं, त्यांना हेच सोपं जातं.

एसएटीत एक मेख आहे. पहिला भाग चांगला गेला तरच दुसरा भाग अवघड मिळतो, आणि वरचे गुण तिथेच असतात. सुरुवातीला गडबडणाऱ्यांना ही रचना महागात पडते. एसीटीत असं काही नाही, शिवाय विज्ञान आता ऐच्छिक आहे. चुकीच्या उत्तराला दोन्हीकडे गुण कापत नाहीत.

ठरवण्यासाठी दोन वेगळ्या सुट्ट्यांच्या दिवशी घड्याळ लावून दोन्हींची एकेक पूर्ण सराव परीक्षा द्या. एसएटीचे गुण 1600 पैकी, एसीटीचे 36 पैकी, म्हणून अधिकृत तुलना-तक्त्यात पडताळा. मग एकच धरा. दोन्हींची तयारी करत बसू नका, कळकळीने सांगते.

लवकरच्या अर्जांची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबरच्या आसपास असते. पहिला प्रयत्न त्याआधीच्या वसंतात झाला, तर ऑगस्टमध्ये दुसरा देऊन अर्जातल्या निबंधांना मोकळा वेळ उरतो.

आणि आधी कॉलेजांची यादी तपासा. एमआयटी आणि हार्वर्डने हे गुण पुन्हा सक्तीचे केले आहेत; युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया मात्र प्रवेश देताना ते पाहतच नाही. यादीत फक्त तिचीच कॉलेजं असतील, तर दोन्ही परीक्षा सोडा आणि तो वेळ निबंधांना द्या.